बोलणं परत आणायचंय: थेरपी, चुंबक की करंट?

स्ट्रोक होऊन चार-सहा महिने झालेले असतात. पाय टाकता येऊ लागलेला असतो, हाताची फिजिओ सुरू असते, पण बोलणं दोन-चार शब्दांवर अडकून बसलेलं असतं. तेवढ्यात नात्यातलं कुणीतरी व्हिडिओ पाठवतं. त्यात डोक्याजवळ इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल धरलेली दिसते आणि पुढच्याच दृश्यात पेशंट घडाघडा बोलत असतो. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे प्रश्न येतो: "मॅडम, स्पीच थेरपी थांबवून हे मशीन लावायचं का? आणि लावायचं तर चुंबकाचं की करंटचं?"

मी पुण्यात स्पीच थेरपी करते, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार हे आधीच धरून चाला. मशीनशी मात्र माझं वैर नाही. आरटीएमएस (चुंबकाचं) आणि टीडीसीएस (करंटचं) या दोन्हींमागे खरं संशोधन आहे, ती काही जादूची अंगठी विकणाऱ्यांची दुकानदारी नाही. माझी तक्रार एवढीच की आपल्याकडे सामना या दोन मशीनांमध्ये लावला जातो आणि तिसरा भिडू, म्हणजे थेरपीचे तास, मैदानाबाहेरच राहतो. म्हणून ही तुलना तिघांची.

आधी पेशंट, मग मशीन

स्ट्रोकनंतर बोलण्याची अडचण निरनिराळ्या कारणांनी येते आणि घरच्यांना ती सगळी सारखीच वाटते. शब्द मनात तयार आहे, पण जीभ-ओठ लुळे पडल्यामुळे उच्चार बोबडा येतो, ती डिसआर्थ्रिया. ताकद आहे, पण उच्चारासाठी तोंडाच्या हालचाली जुळवता येत नाहीत, ती अ‍ॅप्रॅक्सिया. आणि भाषाच हाती लागत नाही, शब्द सापडत नाही, वाक्य जुळत नाही, दुसऱ्याचं बोलणं पुरतं उमगत नाही, वाचणं-लिहिणंही विस्कटतं, तो वाचाघात किंवा अफेझिया. स्ट्रोक झालेल्या साधारण एक तृतीयांश लोकांना तो होतो. या लेखातलं सगळं वाचाघाताबद्दल आहे. तुमच्या पेशंटला निव्वळ डिसआर्थ्रिया असेल तर खालच्या अभ्यासांचे आकडे त्याला लागू नाहीत. कुणी ही तपासणी न करताच थेट मशीनची तारीख देत असेल तर तिथेच थांबा.

वाचाघात जवळून कसा दिसतो? एका आजोबांसमोर मी किल्लीचं चित्र ठेवलं. ते म्हणाले, "कुलूप." लगेच मान हलवली, म्हणजे चुकलं हे त्यांना कळलं होतं. "ते... दाराला... आपलं ते..." आणि बोटं फिरवून दाखवलं. मी नुसतं "कि" म्हटलं आणि "किल्ली!" असं ठणठणीत बाहेर आलं. शब्द पुसला गेला नव्हता, तिथवर पोचता येत नव्हतं. हेच आजोबा एक ते वीस आकडे न अडखळता म्हणायचे, घरच्या आरतीत सगळ्यांच्या सुरात सूर मिळवायचे. सूनबाईंना वाटायचं की सासरे सोयीप्रमाणे बोलतात. तसं नसतं. वर्षानुवर्षं घोकलेलं जसंच्या तसं बाहेर येऊ शकतं. "पाणी दे" हे मात्र दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. बुद्धी शाबूत असते, आणि आपल्याला वेडं समजतायत हेही पेशंटला बरोबर कळत असतं.

दोन्ही मशीनं, खुर्चीत बसून पाहिली तर

आरटीएमएस म्हणजे चुंबकाचं. कॉइलमधून क्षणभर जोरदार वीज जाते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उठतं आणि कवटीला काहीही न करता आत मेंदूच्या पेशींमध्ये बारीकसा प्रवाह निर्माण होतो. तत्त्व फॅरेडेचं, शाळेत शिकलेलं. माणसाच्या मेंदूवर ते पहिल्यांदा नीट वापरून दाखवलं १९८५ मध्ये, इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी.

पहिल्या दिवशी डोक्याला घट्ट टोपी घालतात आणि तिच्यावर पेनाने खुणा करतात. मग कॉइल थोडी थोडी सरकवत एकेक ठोका देतात आणि हाताचा अंगठा कधी उडतो ते बघतात. आपण न हलवता अंगठा टुणकन हलतो, आणि पेशंट हमखास चमकून हाताकडे बघतो. त्यावरून त्या माणसाला ताकद किती द्यायची ते ठरतं. उजवं अंग गेलेल्या पेशंटमध्ये हे बहुधा डाव्या अंगठ्यावरून मोजतात. नंतर रोजचं काम सोपं असतं: खुर्चीत मान स्थिर ठेवून बसायचं, कानात बोळे घालायचे आणि टक, टक, टक ऐकत राहायचं. वाचाघातात जास्त वापरली जाणारी पद्धत सेकंदाला एक ठोका अशी संथ असते. वीस मिनिटांत १२०० ठोके. डोक्याच्या कातडीवर टिचकी मारल्यासारखं वाटतं, काहींना नंतर डोकेदुखी होते.

टीडीसीएस म्हणजे करंटचं. इथे सगळं साधं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, रबरी पट्टा आणि बॅटरीवर चालणारी छोटी पेटी. प्रवाह एक ते दोन मिलिअँपिअर, वेळ बहुधा वीस मिनिटं. सुरुवातीला मुंग्या येतात, खाज येते, मग काही जाणवत नाही. या प्रवाहाने पेशींना ठोका बसत नाही, त्या फक्त चेतण्याच्या थोड्या जवळ किंवा थोड्या लांब सरकतात. जर्मनीत ग्योटिंगेन इथे मायकेल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी २००० मध्ये या परिणामाचं मोजमाप प्रसिद्ध केलं आणि तिथून या पद्धतीला आजचं रूप आलं. एक घरगुती सूचना: सेशनच्या दिवशी डोक्याला तेल चोपडून जाऊ नका. तेलकट केसांतून स्पंजचा संपर्क नीट होत नाही. "डोकं शांत राहावं म्हणून" मुद्दाम तेल लावून आणणाऱ्या मावश्या मी बघितल्या आहेत.

दोन्हींमध्ये भूल नाही, चिरफाड नाही, ॲडमिट व्हावं लागत नाही. आणि दोन्हींचा मनोविकारात देतात त्या "शॉक"शी संबंध नाही. तो शब्द घरात कुणी वापरू नये, पेशंट उगाच धास्तावतो.

पेशंटच्या बाजूने खरा फरक असा की टीडीसीएस सुरू असताना माणूस टेबलाशी बसून बोलू शकतो, चित्रं ओळखू शकतो, थेरपी करू शकतो. आरटीएमएसमध्ये मान स्थिर, कानात बोळे आणि सतत टकटक, त्यामुळे थेरपी बहुधा ठोके संपल्यावर. तपशील लहान वाटतो, पण माझ्या मते निर्णयाचा निम्मा भाग यातच आहे. कारण मशीन स्वतः एकही शब्द शिकवत नाही. पावसानंतर जमिनीला वाफसा येतो आणि त्याच वेळी पेरणी उरकायची असते, तसं हे आहे. वाफसा आला आणि पेरलंच नाही तर उगवणार काय? आणि हा वाफसा दिवसभर टिकत नाही. एका सेशनचा मेंदूवर मोजता येणारा परिणाम साधारण मिनिटांत, फार तर तास-दीड तासात मोजायचा. खराडीला मशीन लावून घेतलं आणि कोथरूडला संध्याकाळी थेरपी ठेवली, तर दोन्हींचे पैसे गेले आणि जोड कुठेच बसली नाही.

उजव्या मेंदूला गप्प का करायचं?

बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये आणि कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये दाखवलेल्या जागा डावीकडच्याच. डावीकडे इजा झाली की उजवा अर्धा जास्त चळवळ करू लागतो आणि उरलेल्या डाव्या भागाला दाबून टाकतो, असं एक मत आहे. म्हणून संथ ठोक्यांनी उजवी बाजू थोडी शांत करायची, म्हणजे डावीला डोकं वर काढता येईल. बॉस्टनमध्ये मार्गारेट नेसर यांच्या गटाने २००५ मध्ये हाच प्रयोग जुना वाचाघात असलेल्या अवघ्या चार पेशंटवर केला आणि चित्रांची नावं सांगण्यात सुधारणा नोंदवली. आज दिसणाऱ्या बहुतेक आरटीएमएस पॅकेजांचं मूळ तिथे आहे. टीडीसीएसमध्ये उलट वाट जास्त वापरतात: डावीकडच्या वाचलेल्या भागाला चेतवणं.

ही कल्पना सुटसुटीत आहे, आणि माझ्या मते जरा जास्तच सुटसुटीत. ज्याचा डावा मेंदू मोठ्या प्रमाणावर गेलाय, त्याची उरलीसुरली भाषा कदाचित उजवाच सांभाळत असेल. त्यालाच गप्प करणं म्हणजे घरात कमावता एकच आणि त्यालाच सुट्टी. म्हणून एमआरआय न बघता "सगळ्यांना हीच जागा, हीच ताकद" असं सांगणाऱ्या ठिकाणापासून लांब राहा. फाइलमध्ये सीटी स्कॅनचा जुना कागद असतो, एमआरआयची सीडी मात्र कपाटात राहते. तीच घेऊन जा.

अभ्यासातले आकडे, आणि ते वाचायचे कसे

टीडीसीएसबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास २०१८ मध्ये आला, अमेरिकेत यूलियस फ्रिड्रिक्सन यांच्या गटाचा. जुना वाचाघात असलेले ७४ लोक. सगळ्यांना तीन आठवड्यांत १५ सेशन, दर वेळी ४५ मिनिटं कॉम्प्युटरवर शब्द-चित्रांचा सराव आणि त्यातली वीस मिनिटं डोक्याला पट्टा. साधारण निम्म्यांना खरा करंट, बाकीच्यांना खोटा. खोट्यात सुरुवातीचे काही सेकंदच प्रवाह देऊन बंद करतात, म्हणजे खाज येते आणि पेशंटला फरक कळत नाही. शेवटी खऱ्या गटाला सरासरी १३.९ शब्द जास्त जमले आणि खोट्या गटाला ८.२.

जाहिरातीत हा आकडा "सत्तर टक्के जास्त सुधारणा" असा येऊ शकतो, आणि गणित म्हणून ते खोटंही नाही. पण नीट बघा. ८.२ शब्द नुसत्या सरावाने आले. करंटने त्यात साधारण पावणेसहाची भर घातली. म्हणजे मोठा वाटा सरावाचा आणि वरची भर मशीनची. शिवाय "पुढे मोठी चाचणी करणं फुकट जाईल का?" एवढंच विचारायला हा अभ्यास बेतला होता. उत्तर आलं, फुकट जाणार नाही. "सगळ्यांना लावा" असं उत्तर त्यात नाही.

कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात टीडीसीएसच्या २१ चाचण्या, ४२१ पेशंट एकत्र तपासले. वस्तूंची नावं सांगण्यात फायद्याचा काही पुरावा सापडला. क्रियापदांसाठी नाही, आणि रोजच्या व्यवहारातल्या बोलण्यासाठीही नाही. मला हा सर्वांत बोलका निष्कर्ष वाटतो. घरच्यांना हवं असतं ते "औषध घेतलं का", "रिक्षा थांबव", "मला कंटाळा आला" असं बोलणं, आणि मोजलं जातं ते कात्री, छत्री, कंगवा. कात्री म्हणता आली याचा आनंद आहेच, पण त्यावरून फोनवर मुलाशी बोलता येईल असं धरता येत नाही. आपल्या वाक्यात तर क्रियापद शेवटी येतं आणि त्यातच करणारा पुरुष की बाई, एक की अनेक, काल की उद्या हे सगळं कोंबलेलं असतं. नुसत्या नामांच्या यादीवर मराठी बोलणं उभं राहत नाही.

आरटीएमएसची बाजू थोडी वेगळी. अलेक्झांडर टील आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात स्ट्रोक होऊन काही आठवडेच झालेले २४ पेशंट होते. दहा सेशन, उजव्या बाजूला संथ ठोके, आणि प्रत्येक सेशननंतर लगेच ४५ मिनिटं थेरपी. खऱ्या ठोक्यांचा गट पुढे राहिला, विशेषतः नावं सांगण्यात. आशादायक आहे, पण संख्या २४. आणि पुन्हा तेच: ठोक्यांच्या पाठोपाठ थेरपी होतीच.

आता तिसऱ्या भिडूकडे. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतला अभ्यास आला. स्ट्रोकला सहा महिन्यांहून जास्त झालेले १५६ पेशंट, वय सत्तरपर्यंत. मशीन नाही. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं आणि सहा महिन्यांनी बघितलं तेव्हाही ते टिकून होतं. २०२२ मध्ये निरनिराळ्या देशांच्या चाचण्यांतली माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हाही एकूण भाषेतली सर्वांत चांगली प्रगती एकंदर वीस ते पन्नास तासांच्या थेरपीशी जोडलेली दिसली.

आता आपल्याकडचा हिशेब मांडा. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. सणवार, पाऊस, पेशंटचा मूड वगळता महिन्याला चार तास. दोन महिन्यांनी घरचे म्हणतात, "थेरपीने काही फरक नाही." झाले किती तास? आठ. या आठ तासांवर थेरपी नापास होते आणि मशीनचं पॅकेज घेतलं जातं: वीस मिनिटांची पंधरा सेशन, म्हणजे एकूण पाच तास खुर्चीत. तेच तीन आठवडे, तेवढीच ये-जा, रजा आणि दमणूक रोजच्या दोन तासांच्या थेरपीवर लावली असती तर तीस तास झाले असते. वर जे दोन अभ्यास सांगितले, त्यांच्या पंगतीत तीस तास बसतात. पाच तास बसत नाहीत.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या पुनर्वसन-सूचनांनीही वाचाघातासाठी मेंदूला बाहेरून उत्तेजन देण्याला प्रायोगिक म्हटलंय, सरसकट वापराची शिफारस केलेली नाही. आरटीएमएसला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये मान्यता दिली ती नैराश्यासाठी. क्लिनिकच्या भिंतीवर "एफडीए-मान्य" लिहिलेलं दिसलं तर "कशासाठी?" एवढं विचाराच.

धोका

दोन्ही पद्धती बऱ्यापैकी सुरक्षित आहेत, पण धोक्याचा प्रकार वेगळा. आरटीएमएसमध्ये क्वचित फिट येऊ शकते. स्ट्रोक झालेल्या मेंदूत ती शक्यता मुळातच जास्त असते, म्हणून आधी फिट येऊन गेली असेल तर न्यूरोलॉजिस्टच्या स्पष्ट संमतीशिवाय नको. मेंदूत धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. काही औषधांनी फिटची शक्यता वाढते, तेव्हा औषधांची पूर्ण यादी न्या, मनोविकाराच्या गोळ्या "काय सांगायचं" म्हणून लपवू नका. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर सेशन पुढे ढकला.

टीडीसीएसमध्ये खाज, लाली आणि स्पंज सुकला तर चटका. बोलता न येणारा माणूस "भाजतंय" असं सांगू शकत नाही. म्हणून आधीच खूण ठरवा, मोकळा हात वर केला की बंद. सूज आल्यामुळे कवटीचा तुकडा काढून ठेवलेला असेल तर दोन्ही पद्धतींचा हिशेब बदलतो, कारण हाड नसलेल्या जागी प्रवाह वेगळा वाहतो.

ऑनलाइन टीडीसीएसची पेटी मिळते आणि एखादा इंजिनिअर मुलगा ती मागवून घरीच लावायचा बेत करतो. पुण्यात तर असे मुलगे घरटी एक. हौस समजते, पण करू नका. स्पंज दोन-तीन बोटं इकडेतिकडे झाला तरी प्रवाहाची वाट बदलते, आणि इजा झालेल्या मेंदूत ती कुठून जाईल याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही.

पुण्यातला हिशेब

आरटीएमएसचं मशीन महाग असतं, लाखांत, त्यामुळे मोजक्या ठिकाणी असतं आणि बऱ्याचदा मनोविकारतज्ज्ञाकडे, नैराश्यासाठी घेतलेलं. तिथला डॉक्टर त्या कामात वाकबगार असेल, पण त्याच इमारतीत वाचाघाताची थेरपी देणारं कुणी आहे का, हा वेगळा प्रश्न. टीडीसीएसची पेटी तुलनेने फारच स्वस्त, ती थेरपिस्टच्या टेबलावर मावते. म्हणून दोन्हींच्या सेशनचा दर सारखाच सांगितला जात असेल तर कारण विचारा.

दोन्हींत सोमवार ते शुक्रवार सलग जावं लागतं, दोन-तीन आठवडे. धायरीहून सिंहगड रोडने संध्याकाळच्या गर्दीत जाऊन पोचलेला पेशंट दमलेला असतो, आणि दमलेल्या माणसाचं बोलणं सर्वांत आधी जातं. सकाळची वेळ मागा. वनाज–रामवाडी किंवा पिंपरी–स्वारगेट मेट्रो मार्गावर राहत असाल तर लिफ्ट असलेली स्टेशनं रिक्षाच्या धक्क्यांपेक्षा बरी. बाकी घराजवळचं साधं ठिकाण लांबच्या चकचकीत ठिकाणापेक्षा मी केव्हाही वर ठेवीन, कारण सेशन बुडत नाहीत.

थेरपीचा खर्च झेपत नसेल तर धनकवडीच्या भारती विद्यापीठात वाचा-श्रवणशास्त्राचं महाविद्यालय आहे. अशा शिक्षणसंस्थांमध्ये शिकणारी मुलं अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली थेरपी देतात, आणि तास जास्त मिळण्याची शक्यता खासगीपेक्षा बरी असते. थेरपिस्ट कुठलाही असो, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. आणखी एक कागद बहुतेकांना माहीत नसतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वात अफेझियाचा नावानिशी उल्लेख आहे. अडचण कायमची ठरली तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो.

आरोग्यविम्याचं म्हणाल तर बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. ओपीडीतली थेरपी आणि मशीन दोन्ही खिशातूनच जाणार असं धरून चाला.

मग कुणी काय घ्यावं?

स्ट्रोकला तीन महिनेही झाले नसतील तर माझं मत सरळ आहे: आत्ता थेरपी, जेवढी झेपेल तेवढी. या काळात मेंदू आपणहून सर्वांत वेगाने सावरत असतो. मशीन लावलं तर जी सुधारणा होईल ती कुणाची, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि श्रेय मात्र पॅकेजला जाईल.

सहा महिने, वर्ष उलटलंय, वीसेक तासांची थेरपी खरोखर झालेली आहे, समजतं बऱ्यापैकी पण शब्द सापडत नाहीत, आणि थेरपिस्ट स्वतः टीडीसीएस वापरायला शिकलेला आहे, अशा पेशंटने टीडीसीएस करून बघायला माझी हरकत नाही. धोका कमी, थेरपी चालू असतानाच लागतं, वेगळी ये-जा नाही. अपेक्षा मात्र काही शब्दांची ठेवा, संभाषणाची नको.

आरटीएमएसकडे मी तेव्हा बघीन, जेव्हा न्यूरोलॉजिस्ट एमआरआय पाहून जागा ठरवतोय, फिटचा इतिहास नाही, आणि ठोके संपल्यावर त्याच मजल्यावर तासभर थेरपी मिळणार आहे. स्ट्रोकनंतर सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. पेशंट खचलाय, जेवत नाही, सरावाला बसतच नाही, आणि औषधांनी पुरेसा फरक पडलेला नाही, तर त्या नैराश्यासाठी आरटीएमएसचा विचार करायला भक्कम कारण आहे. पण तेव्हा जागा वेगळी असते, हेतू वेगळा असतो. "एका दगडात दोन पक्षी" असं कुणी म्हणालं तर नेमका कुठला पक्षी, ते लिहून मागा.

ज्याला समोरच्याचं बोलणंच फारसं कळत नाही, बाहेर येतो तो एखादाच शब्द पुन्हा पुन्हा, अशा गंभीर वाचाघातात मी दोन्ही मशीनांवर पैसे घालायला सांगणार नाही. तिथे चित्रांची वही, खाणाखुणा, फोनमधले फोटो आणि घरच्यांनी बोलण्याची पद्धत बदलणं यांतून रोजचं जगणं जास्त सुधारतं. एका वेळी एकच प्रश्न, दोनच पर्याय, "चहा की दूध?" असं विचारून दहा सेकंद गप्प राहणं. हे फुकट आहे आणि घरात सर्वांत अवघडही हेच जातं. पुणेरी घरात दहा सेकंद कोण गप्प बसतं!

कुठे संशोधन म्हणून मोफत देतायत असं कळलं तर तो चांगला पर्याय असू शकतो. चाचणी सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदलेली आहे का बघा, संमतीपत्र मराठीत मागा, खोट्या गटात जाण्याची तयारी ठेवा. संशोधन म्हणायचं आणि सेशनचे पैसेही घ्यायचे, हे चालत नाही.

पैसे भरण्याआधी

क्लिनिकमध्ये चार गोष्टी विचारा. वाचाघाताचा प्रकार कुणी, कुठल्या चाचणीने ठरवला? जागा कुठली आणि का? मशीननंतर किंवा मशीन चालू असताना थेरपी कोण देणार, किती मिनिटं, कुठल्या भाषेत? ऑफिसात आयुष्यभर इंग्रजी बोललेल्या माणसालाही घरात मराठीच लागणार असेल तर सराव मराठीत हवा. आणि सुधारणा मोजणार कशी?

शेवटच्या प्रश्नाचं काम तुम्ही स्वतःही करू शकता. सुरू करण्याआधी घरातल्या चाळीस वस्तूंचे आणि माणसांचे फोटो फोनवर काढा: कुकर, चष्मा, नातवंडं, शेजारचे काका, औषधाची डबी. पेशंटला एकदा सगळे दाखवून किती जमतात ते लिहून ठेवा. मग त्यातले वीस थेरपीला द्या, उरलेले वीस मधल्या काळात कुणालाही दाखवू नका. याशिवाय रोजच्या दोन मिनिटांच्या गप्पांचं एक रेकॉर्डिंग ठेवा. दहा सेशन झाली की तेच चाळीस फोटो, त्याच क्रमाने, कुणीही "कि..." म्हणून आधार न देता दाखवा. शिकवलेले वीस सुधारले, पण न शिकवलेले तिथेच आहेत, तर सराव लागू पडतोय, त्याचेच तास वाढवा. दोन्ही गट सरकले आणि गप्पांच्या रेकॉर्डिंगमध्येही फरक ऐकू आला तर उरलेली सेशन पूर्ण करा. काहीच हललं नसेल आणि समोरून "आणखी एक पॅकेज घ्या, आता कुठे मेंदू जागा होतोय" असं ऐकू आलं, तर ते पॅकेज घेऊ नका. पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ न भरता दहा सेशनपुरतेच भरायचे, हे त्यासाठीच पहिल्या दिवशी ठरवून घ्या.